भिंगांची काटकसर



दिल्लीत करोलबागेच्या पलीकडे राजिंदर नगर नावाची एक वस्ती आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी करण्यासाठी देशाच्या कानाकोपऱ्यांतून मुलेमुली येथे येतात आणि त्यांत मराठी मुलांची संख्या सहज लक्षात येण्याजोगी असते. लातूर, सातारा, अमरावती, नाशिक अशा ठिकाणांहून आलेली ही मुले लहानशा खोल्यांतून राहतात, मेसचे जेवण जेवतात आणि घरून येणारे पैसे महिनाअखेरपर्यंत पुरवून पुरवून वापरतात. माझी एक भाची अशीच दोन वर्षे तेथे होती. तिला लहानपणापासून मोठ्या नंबरचा चष्मा. दिल्लीस आल्यावर तिने कॉन्टॅक्ट लेन्स घेतल्या. एप्रिल महिन्यातील एका रविवारी ती आमच्याकडे जेवावयास आली तेव्हा तिचा उजवा डोळा लालभडक झाला होता, त्यातून सारखे पाणी गळत होते आणि खिडकीतून येणारा उजेडही तिला सोसवत नव्हता.

विचारपूस केली तेव्हा हळूहळू सारे बाहेर आले. भिंगे रात्रभर ज्या सोल्यूशनात बुडवून ठेवावयाची त्याची बाटली महाग पडते, म्हणून ती डबीतील जुने सोल्यूशन ओतून टाकीत नसे. त्यातच रोज चार थेंब नवे घालीत असे. महिन्याने टाकून द्यावयाची भिंगे तिने तीन महिने वापरली होती. “मामा, दिसत तर स्वच्छ होती,” असे ती म्हणाली. त्याच दुपारी तिला रुग्णालयात नेले. बुबुळावरील पटलाला व्रण झाला होता. दिवसरात्र दर तासाला औषधाचे थेंब, मग दर दोन तासांनी, आणि तीन आठवडे वाचन बंद. परीक्षा पुढच्याच महिन्यात होती. डोळा वाचला, परंतु पटलावर एक बारीकसा पांढरा डाग राहून गेला. आपल्याकडे ज्याला ‘डोळ्यात फूल पडणे’ म्हणतात, त्याचेच ते लहान रूप. सुदैवाने तो डाग दृष्टीच्या अगदी मध्यावर नाही.

या मुलीची चूक काटकसर करण्यात नव्हती, चुकीच्या जागी काटकसर करण्यात होती. जेथे पैसे वाचविता आले असते तेथे तिने ते वाचविले नाहीत आणि जेथे वाचवू नयेत नेमके तेथे वाचविले. कॉन्टॅक्ट लेन्स आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. कचेरीत जाणारी माणसे, खेळाडू, विद्यार्थी असे कितीतरी लोक ती वापरतात. तेव्हा तिचा हिशेब कसा मांडावा, याचा आज थोडा विचार करू.

आधी ही वस्तू आहे तरी काय ते पाहू. डोळ्याच्या दर्शनी भागावर घड्याळाच्या काचेसारखे एक पारदर्शक पटल असते. त्याला पारपटल म्हणतात. शरीराच्या बहुतेक भागांना रक्तावाटे प्राणवायू मिळतो. या पटलात मात्र रक्तवाहिन्याच नसतात, आणि नसतात म्हणूनच ते पारदर्शक राहते. त्याला लागणारा प्राणवायू ते मुख्यत्वेकरून बाहेरच्या हवेतून, अश्रूंच्या पातळ थरामधून घेते. कॉन्टॅक्ट लेन्स बसते ती या अश्रूंच्या थरावर. म्हणजे पटलाच्या श्वासाच्या वाटेवरच आपण एक पडदा ठेवतो. हा पडदा हवा जाऊ देणारा असावा, स्वच्छ असावा आणि नेमून दिलेल्या वेळेपेक्षा अधिक काळ तेथे राहू नये, या तीन गोष्टी एवढ्यावरूनच उघड होतात.

पहिली भिंगे काचेची होती. झुरिच येथे काम करणाऱ्या फिक नावाच्या जर्मन डॉक्टराने १८८८ साली त्यांच्याविषयी निबंध प्रसिद्ध केला. ती भिंगे सबंध डोळा झाकीत आणि फार तर दोनचार तास सोसवत. पुढे प्लास्टिकची भिंगे आली. आज आपण जी मऊ भिंगे वापरतो ती ओटो विख्टर्ले या चेक रसायनशास्त्रज्ञाची देणगी. १९६१ च्या नाताळात त्याने आपल्या घरी, मुलांच्या जोडकामाच्या खेळण्यातील तुकडे आणि सायकलचा डायनामो यांच्या साहाय्याने एक यंत्र उभे केले आणि त्यावर पहिली मऊ भिंगे ओतली. जी वस्तू आज आपल्याला महाग वाटते तिचा जन्म असा ओढगस्तीत झाला, ही गोष्ट मला नेहमीच मोठी गमतीची वाटते.

विख्टर्लेने वापरलेला पदार्थ पाणी शोषून मऊ होतो. तोच त्याचा गुण आणि तोच त्याचा धोका. स्पंज ज्याप्रमाणे चांगले पाणी शोषतो त्याप्रमाणे घाणेरडेही शोषतो. अश्रूंतील प्रथिने, पापण्यांची चरबी, बोटांवरील जंतू हे सर्व या भिंगावर साचत जाते. डोळ्यांना ते दिसत नाही. “दिसत तर स्वच्छ होती,” हे भाचीचे म्हणणे खरेच होते. परंतु जंतू डोळ्यांना दिसत असते तर सूक्ष्मदर्शकाची गरजच पडली नसती.

आता हिशेबाकडे वळू. मऊ भिंगे मुख्यतः तीन प्रकारची मिळतात : एकदा वापरून रात्री टाकून द्यावयाची, पंधरवड्याने टाकावयाची आणि महिन्याने टाकावयाची. वर्षभर चालणारी मऊ भिंगेही बाजारात आहेत. ती दरदिवशी सर्वांत स्वस्त पडतात. पण वर्षभराचा साका त्यांवर बसत असल्यामुळे त्यांची निगाही सर्वांत अधिक राखावी लागते. सर्वसाधारण माणसापुढे खरा प्रश्न असतो तो रोजची भिंगे घ्यावीत की महिन्याची, हा. त्याचे उत्तर दुकानदाराला न विचारता आपले आपल्याला काढता येते. महिन्याच्या एका जोडीची किंमत आणि महिनाभराच्या सोल्यूशनची किंमत यांची बेरीज करावी आणि तिला रोजच्या एका जोडीच्या किमतीने भागावे. जो आकडा येईल त्याहून अधिक दिवस तुम्ही महिन्यातून भिंगे घालीत असाल, तर महिन्याची भिंगे स्वस्त. कमी दिवस घालीत असाल, तर रोजची स्वस्त.

उदाहरण घेऊ. किमती कंपनीगणिक वेगळ्या असतात, तेव्हा हे आकडे केवळ रीत समजण्यापुरते धरावेत. समजा, महिन्याच्या सहा भिंगांची पेटी १,५०० रुपयांस मिळते. म्हणजे जोडी ५०० रुपयांची. सोल्यूशनला महिन्याला ४०० रुपये लागतात. एकूण झाले ९००. आता समजा, रोजच्या तीस भिंगांची पेटीही १,५०० रुपयांचीच आहे. म्हणजे जोडी १०० रुपयांची. ९०० ला १०० ने भागले, नऊ आले. जी व्यक्ती महिन्यातून पंचवीस दिवस भिंगे घालते तिला रोजच्या भिंगांसाठी २,५०० रुपये मोजावे लागतील. तिने महिन्याचीच घ्यावीत. परंतु एखादा गृहस्थ एरवी चष्मा वापरतो आणि केवळ रविवारी बॅडमिंटन खेळताना किंवा लग्नसमारंभात भिंगे घालतो. त्याचे काम महिन्याला चारपाचशे रुपयांत भागेल. शिवाय त्याला सोल्यूशन नको, डबी नको आणि ती विसरण्याची धास्तीही नको.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. महिन्याची भिंगे म्हणजे तीस वेळा घालावयाची भिंगे नव्हेत. पाकीट फोडल्यापासून तीस दिवस झाले की ती टाकावयाची, मग मधल्या काळात ती दहा वेळाच घातली असली तरी चालेल. पाकीट फोडल्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी. दूधवाल्याचा खाडा आपण लिहून ठेवतो, मग ही तारीख लिहिण्यास हरकत काय?

याच हिशेबाने माझ्या भाचीची बचत मोजून पाहा. एका जोडीवर तीन महिने काढले म्हणून दोन जोड्यांचे १,००० रुपये वाचले आणि एक बाटली तीन महिने पुरविली म्हणून दोन बाटल्यांचे ८०० रुपये वाचले. एकूण १,८००. एवढ्यासाठी तीन आठवडे, एक परीक्षा आणि डोळ्यावरचा एक कायमचा डाग. औषधांचा खर्च मी धरलेलाच नाही.

सोल्यूशनचा विषय निघालाच आहे, तर तोही नीट समजून घेऊ. दोन्ही घरे भरण्यास आणि भिंगे धुण्यास एका रात्रीला सुमारे १० मिलिलिटर सोल्यूशन लागते. म्हणजे ३०० मिलिलिटरची बाटली साधारण महिनाभर पुरते. हे माप हाताशी असले की दुकानातील सवलतींनी भुलण्याचे कारण राहत नाही. बाटलीच्या किमतीकडे न पाहता दर १०० मिलिलिटरला किती पडते ते पाहावे. बहुधा मोठी किंवा जोडबाटली स्वस्त पडते. मात्र उघडल्यानंतर बाटली किती दिवस चालते ते तिच्यावर छापलेले असते. पुष्कळ बाटल्यांवर ही मुदत ९० दिवसांची असते. जो माणूस आठवड्यातून दोनदाच भिंगे घालतो त्याची ५०० मिलिलिटरची बाटली त्या मुदतीत संपणारच नाही. त्याने लहान बाटली घेणे हीच खरी काटकसर.

सोल्यूशन काम करते ते त्यातील जंतुनाशकामुळे. रात्रभर जंतू मारताना त्या जंतुनाशकाचा जोर कमी होत जातो. सकाळी डबीत जे उरते ते वापरून झालेले पाणी असते. त्यात चार थेंब नवे घालणे म्हणजे भांडी घासलेल्या पाण्यात थोडे ताजे पाणी घालून ते पिण्यासारखे आहे. म्हणून रोज सकाळी डबी पूर्ण रिकामी करावी, ताज्या सोल्यूशनानेच विसळावी आणि स्वच्छ कागदावर पालथी घालून कोरडी होऊ द्यावी. दर तीन महिन्यांनी डबी बदलावी. बाटलीबरोबर ती बहुधा फुकटच मिळते. रात्री भिंग तळहातावर घेऊन, सोल्यूशनचे थेंब टाकून, बोटाने वीसेक सेकंद हलके चोळावे आणि मग धुऊन बुडवावे. बाटलीवर ‘चोळण्याची गरज नाही’ असे लिहिले असले तरी चोळावे. या चोळण्याला एक पैसाही पडत नाही आणि साचलेल्या घाणीचा मोठा भाग त्यानेच निघून जातो.

काही जण सोल्यूशनऐवजी सलाइन वापरतात, कारण ते स्वस्त असते. सलाइन हे निव्वळ खारे पाणी आहे. त्याने भिंग धुता येईल. पण त्यातील जंतू मरणार नाहीत. काही जण तर घरीच पाण्यात मीठ घालून हे खारे पाणी बनवितात. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेत ही पद्धत पुष्कळांनी अवलंबिली होती. अकँथअमीबा नावाचा एक सूक्ष्म जीव नळाच्या, टाकीच्या आणि विहिरीच्या पाण्यात राहतो. तो या मार्गाने लोकांच्या डोळ्यांत गेला आणि अनेकांच्या पारपटलाला अत्यंत वेदनादायक व्रण झाले. या जीवाला मारणे फार कठीण. उपचार महिनोन्‌महिने चालतात. दिल्लीत तर घरोघरी गच्चीवर टाक्या आहेत आणि त्या किती दिवसांनी धुतल्या जातात हे ज्याचे त्याला माहीत. तेव्हा भिंगांना पाण्याचा स्पर्श होता कामा नये, हा नियम सक्तीने पाळावा. हात साबणाने धुऊन कोरडे पुसूनच भिंगाला हात लावावा. भिंगे घालून आंघोळ करू नये, पोहू नये. आणि भिंग तोंडात घालून ओले करण्याची सवय असेल तर ती आजच सोडावी.

मग पैसे वाचवावयाचे कोठे? पहिली जागा म्हणजे डॉक्टरांची चिठ्ठी. चष्म्याचा नंबर आणि भिंगाचा नंबर नेहमी एकच नसतो. चष्मा डोळ्यापासून सुमारे १२ मिलिमीटर दूर असतो, भिंग डोळ्याला लागूनच बसते. म्हणून चष्म्याचा नंबर उणे ६ असेल तर भिंग साधारणपणे उणे साडेपाचचे लागते. याखेरीज भिंगाची वक्रता आणि व्यास ही दोन मापे असतात. ही सर्व मापे आणि भिंगाचे नाव डॉक्टरांकडून किंवा डोळे तपासणाऱ्या तज्ज्ञाकडून कागदावर लिहून घ्यावे. असा कागद हाती असला म्हणजे तुम्ही एकाच दुकानाचे बांधील राहत नाही. चार ठिकाणी त्याच मालाची किंमत विचारू शकता. कागद नसलेल्या गिऱ्हाइकाला दुकानदार देईल तेच घ्यावे लागते.

दुसरी जागा खरेदीची. चांदणी चौकातील बल्लीमारान ही मिर्झा गालिबच्या हवेलीची गल्ली. आज तेथे चष्म्यांच्या आणि काचांच्या घाऊक दुकानांची रांग आहे. तेथे किंमत उतरवून मिळते. परंतु गुरुग्राम किंवा नोएडाहून मेट्रोने येऊन, अर्धा दिवस घालवून शंभर रुपये वाचविण्यात अर्थ नाही. दात कोरून पोट भरत नसते. तीनचार कुटुंबांनी मिळून सहा महिन्यांची खरेदी एकदम केली तर मात्र हा फेरा परवडतो. पाकिटावरील छापील किंमत ही कमाल मर्यादा असते. तिच्या आत सवलत मागण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. वैद्यकीय उपकरणांची छापील किंमत एका वर्षात दहा टक्क्यांहून अधिक वाढविण्यास २०१३ च्या औषध-किंमत नियंत्रण आदेशाने मनाई आहे. म्हणून जुने पाकीट जपून ठेवावे आणि नव्याशी ताडून पाहावे. माल दुकानातून घ्या की घरपोच मागवा, पाकीट बंद आहे ना, त्यावर घाणीचा क्रमांक आणि मुदतीची तारीख आहे ना, मापे चिठ्ठीशी जुळतात ना, एवढे पाहावे आणि पावती घ्यावी. वयाने लहान असलेल्यांचा नंबर बदलता असतो. त्यांच्यासाठी वर्षाचा साठा करू नये.

तिसरी जागा चष्म्याची, आणि ती सर्वांत मोठी. लेन्स वापरणाऱ्या प्रत्येकाजवळ चालू नंबरचा चष्मा असलाच पाहिजे. तो नसला की डोळा लाल असतानाही माणूस भिंग घालतो, कारण त्यावाचून त्याला बसचा क्रमांकही दिसत नाही. नंबराच्या चष्म्यावरील कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. साधा चष्मा वर्षानुवर्षे चालतो. घरी असताना, अभ्यासाला बसल्यावर आणि प्रवासात चष्मा वापरला आणि भिंगे निवडक दिवसांपुरती ठेवली, तर मघाच्या हिशेबाप्रमाणे रोजची भिंगेही आवाक्यात येतात.

दिल्लीच्या हवामानाचाही यात वाटा आहे. मे-जून महिन्यांत येथे धुळीची वादळे उठतात. त्या दिवसांत सोल्यूशनची बाटली उन्हात उभ्या असलेल्या मोटारीत ठेवली तर तिची शाश्वती उरत नाही. ती बहुधा २५ किंवा ३० अंशांखाली ठेवावयाची असते. नोव्हेंबरात धुराने डोळे चुरचुरतात. होळीला रंगाचे पाणी भिंगात शिरते. २०२३ च्या जुलैमध्ये दिल्लीत डोळे येण्याची मोठी साथ आली होती. अशा सर्व दिवसांत भिंगे बाजूला ठेवून चष्मा घालावा. डोळे आले असतील तर त्या वेळची भिंगे आणि डबी दोन्ही टाकून द्यावीत; ती पुन्हा वापरणे म्हणजे रोगाला परतीचे निमंत्रण देणे होय.

आणखी दोन गोष्टींत काटकसर नको. एक म्हणजे झोपेची. ऑस्ट्रेलियातील एका पाहणीत, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या, असे दिसले की मऊ भिंगे केवळ दिवसा वापरणाऱ्या दर दहा हजार लोकांत वर्षाला सुमारे दोघांना पटलाचा जंतुसंसर्ग होतो. रात्री भिंगे घालून झोपणाऱ्यांत हीच संख्या सुमारे वीस भरते. दिवसा वापरणाऱ्याला भिण्याचे कारण नाही, हे त्यातून दिसते; आणि धोका कोण ओढवून घेतो, हेही दिसते. दुसरी गोष्ट रंगीत भिंगांची. लग्नाकार्यात घालण्यासाठी शृंगाराच्या दुकानांतून घेतलेली, माप न घेता विकलेली स्वस्त भिंगे मैत्रिणी आपापसांत वाटून घेतात. दुसऱ्याच्या डोळ्यातील भिंग आपल्या डोळ्यात कधीही घालू नये.

शेवटी, काहींच्या बाबतीत भिंग ही सोय नसते, गरज असते. केराटोकोनस नावाच्या विकारात पारपटल पातळ होऊन शंकूसारखे पुढे येते आणि चष्म्याने नीट दिसत नाही. अशांना माप घेऊन केलेली कडक भिंगे लागतात. ती आरंभी महाग असली तरी पाणी शोषीत नाहीत आणि नीट जपली तर वर्ष-दोन वर्षे टिकतात. दिल्लीत राहणाऱ्यांनी अशा वेळी अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील, १९६७ साली स्थापन झालेले डॉ. राजेंद्रप्रसाद नेत्रविज्ञान केंद्र, गुरू नानक नेत्र केंद्र किंवा दर्यागंजमधील श्रॉफ धर्मादाय नेत्ररुग्णालय येथे सल्ला घ्यावा. तेथे रांगेत उभे राहावे लागते; पण रांगेत गेलेला वेळ वाया जात नाही.

डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सोसेनासा झाला किंवा अंधूक दिसू लागले, तर भिंग तत्काळ काढावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. औषधाच्या दुकानातून मनाने थेंब आणू नयेत. जाताना भिंग, डबी आणि सोल्यूशनची बाटली बरोबर न्यावी. जंतू कोणता हे शोधण्यास त्यांचा उपयोग होतो.

माझी भाची पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षेस बसली. चष्मा लावून बसली. आता ती फक्त सणावाराला भिंगे घालते, रोजच्या पेटीतील. आणि पेटीच्या झाकणावर तारीख लिहून ठेवते. तिच्या खोलीवर राहणाऱ्या दोघी मुलींनाही तिने तारीख लिहावयास लावले आहे.